वेग कोणी आवरावा?

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. आजही कामावर निघालेला सायकलवाला मोटारींच्या भीतीने रस्त्याच्या कडेला येतो आणि पदपथ अडलेला म्हणून पायी चालणाराही तिथेच उतरतो. दोघांनाही घाई, मग धडक होते. दोष कोणाचा? चालणाऱ्याने पाहून पाऊल टाकावे हे खरेच. पण वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. म्हणून ज्याच्या हाती वेग, त्याची जबाबदारी आधी. घंटी वाजवली म्हणजे वाट आपली झाली, असे नाही. बहिऱ्या म्हाताऱ्याला ती ऐकू कशी जाणार? वारीत आपण अनोळखी माणसालाही माउली म्हणून त्याच्या पाया पडतो. आषाढी सरली म्हणून तो माउली उरत नाही काय? वेळीच ब्रेक दाबणे हाही त्याला केलेला नमस्कारच. राम कृष्ण हरी.