खुल्या बाजाराचे देणे

एका पिढीने सोसावे आणि दुसरीने सुख भोगावे, हे न्यायाला धरून होते का? १ जानेवारी १९९० रोजी पोलंडने अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांच्या योजनेनुसार बहुतेक किमतींवरचे नियंत्रण उठवले आणि परदेशी मालाला वाट मोकळी केली, तेव्हापासून हा प्रश्न तिथे जिवंत आहे. वाढीच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. साम्यवादातून बाहेर पडलेल्या देशांत १९८९ची उत्पन्नपातळी पोलंडनेच सर्वांत आधी, १९९६च्या सुमारास, पुन्हा गाठली. तिखीच्या मोटार कारखान्यात १९९२मध्ये फियाट मालक म्हणून आली, तिने पैशाबरोबर कामाची नवी शिस्त आणि पश्चिम युरोपची बाजारपेठ आणली. माझ्या मते पैशापेक्षा या दोन गोष्टींचेच मोल जास्त, कारण सुरुवातीला परकी गुंतवणुकीचा ओघ हंगेरीकडे अधिक होता, तरी वाढीत पोलंडच पुढे राहिला.

पण त्याच वर्षांत उत्तर आणि पश्चिम भागातली सरकारी शेते मोडीत निघाली. चार लाखांहून अधिक माणसे तिथे कामाला होती. राहते घर, पाळणाघर, शहराकडे नेणारी बस, सगळे शेताच्याच भरवशावर चाले. शेत गेले तशी बसही गेली. मग दूरच्या कारखान्यात काम असून उपयोग काय? यावर म्हटले जाते की ती शेते जुन्या व्यवस्थेनेच बुडवली होती, आणि सुधारणा रेंगाळवणारा युक्रेन कितीतरी मागे राहिला. दोन्ही खरे. मात्र दोष कोणाचा आणि देणे कोणाचे, हे प्रश्न वेगळे आहेत. ज्याच्या वाट्याला बदलाचे फळ आले, त्याच्यावर दुसऱ्याने उचललेल्या ओझ्याचे ऋण चढतेच. सरकारने निवृत्तिवेतने दिली, हाही युक्तिवाद अपुरा पडतो. पोलंडचेच असलेले पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१च्या परिपत्रात कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरवले. १९९१मध्ये बाजारपेठ मान्य करतानाही ती माणसाच्या स्वातंत्र्याची सेवा करणाऱ्या कायद्याच्या चौकटीत असावी, अशी अट घातली. घरी बसवून दिलेल्या पैशाने पोट भरते, पण कर्तेपण परत मिळत नाही. १९९४च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या गुंतवणूकदारांना करमाफी मिळाली. त्यांतली काही क्षेत्रे मागास भागांत होती, हे मान्य. तरीही सोडलेल्या त्या करावर पहिला हक्क बंद पडलेल्या बसचा आणि त्या गावांतल्या शाळांचा होता.