चिंतन : अध्याय ३, श्लोक १३ – राखणीचा कोंबडा



आज तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक. अर्थ थोडक्यात असा : यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. आपण बहुतेक जण हा श्लोक "नैवेद्य दाखवून जेवा" एवढ्यावर संपवतो. ताटात तुळशीचं पान, दोन मिनिटं डोळे मिटले, झालं. मला मात्र अश्विन लागला की हा श्लोक बोचायला लागतो. कारण या दिवसांत गावाहून दोन गोष्टी येतात. आधी फॅमिली ग्रुपवर राखणीच्या वर्गणीचा मेसेज, आणि मग महिन्या-दीड महिन्याने नव्या तांदळाचा कट्टा.

पण त्याआधी श्लोकातलं "पाप" नक्की कुठलं ते बघू. शंकराचार्य आपल्या भाष्यात इथे पंचसूनांची आठवण करून देतात. सूना म्हणजे जीव मारण्याची जागा. मनुस्मृती सांगते की प्रत्येक गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा असतातच : चूल, जातं-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. म्हणजे खाटीकखाना शोधायला बाहेर जायला नको, स्वयंपाकघर तेच आहे. मुंग्या, किडे, धान्यातले सोंडे, पाण्यातले जीव, काही ना काही रोज मरतं. यात कोणी दुष्ट नाही. फक्त जगतोय म्हणून हे घडतं. आणि म्हणून रोजचे पाच यज्ञ : ऋषींसाठी, देवांसाठी, पितरांसाठी, माणसांसाठी आणि इतर जीवांसाठी. मला हा विचार फार आवडतो, कारण तो आमच्या धंद्यातल्या टेक्निकल डेटसारखा आहे. सिस्टीम चालू ठेवायची तर कर्ज चढणारच. ते शून्य होत नाही, फेडत राहावं लागतं.

आता हा हिशेब आमच्या कॉटन ग्रीनच्या वन बीएचकेत मांडून बघा. चुलीच्या जागी पाइप गॅस, उखळाच्या जागी मिक्सर, घड्याच्या जागी फिल्टर. सूना अगदी चकचकीत झाल्या. खरी कापाकापी घराबाहेर गेली, इतकी बाहेर की दिसतच नाही. तसं आमच्या स्टेशनचं नावही याच जातीचं. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे आला, बंदराची गोदामं उभी राहिली, नावात कापूस आला. पण इथे कापूस कधी उगवला नाही. माझ्या आजोबांनी जन्मभर गिरणीत सूत बघितलं, १९८२ च्या संपात तेही गेलं, पण बोंडं धरलेलं कापसाचं शेत त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचं शेत भाताचं, राजापूर तालुक्यात. गिरणगावातल्या बऱ्याच घरांचं असंच होतं. पगार इथला, तांदूळ तिथला.

ते शेत आता काका-काकी बघतात. जेमतेम वीस-बावीस गुंठे, चार भावांचं सामाईक. कुंपणाला लागून परसू. त्यात पडवळ, भेंडी, काकडीचे वेल अश्विनात सुकायला आलेले असतात. घराला टेकून खुराडं. नऊ-दहा कोंबड्या, एक मोठा कोंबडा, दोन तलंगा. लोक ज्याला "शांत गावाकडचं आयुष्य" म्हणतात ते बघायचं असेल तर ऑक्टोबरात चार दिवस जाऊन राहा. भात पिवळं पडलंय आणि परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. आला की उभं पीक आडवं. रात्री रानडुक्कर, दिवसा वानर. कापलेले भारे सुकवायचे, मग झोडायचे. पावसाने शेवाळलेलं खळं खणून, चोपून, सारवून पुन्हा तयार करायचं. आणि हे सगळं अशा उन्हात की दुपारी भाताच्या पातीने हात चिरले तरी आधी घाम झोंबतो, मग चीर दिसते.

कोंबड्यांचं खातं काकीचं. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ती अकरा अंडी ठेवते, एकवीस दिवस मोजते. त्यातली आठ-नऊ फुटतात. मग घार, मुंगूस, साप, एखादा बोका असं करत चार-पाच पिल्लं मोठी होतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या आसपास. फायद्याचा धंदा म्हणून बघितलं तर काकीचं खुराडं कधीच बंद व्हायला हवं. भात सडल्यावर उरलेली कणी कोंबड्यांना, कोंबड्यांची घाण परसात, परसातली पानं पुन्हा कोंबड्यांना. हे बघताना कळतं की "घरचं" या शब्दाचा आपल्याला जो अभिमान असतो तो थोडा पोकळ आहे. घरचं भाजीपाला, घरचे तांदूळ, घरची अंडी, यातलं एकट्या घराने केलेलं काहीच नसतं.

आता राखण. ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना माहीतच असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. शेताला, वाडीला एक राखणदार असतो. वर्षातून एकदा, ज्याच्या त्याच्या गावच्या रितीने, त्याला त्याचा मान द्यायचा. गाऱ्हाणं घालायचं की बाबा, वर्षभर सांभाळलंस, चुकलंमाकलं पदरात घे, पुढेही गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळ. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुठे नारळावर भागतं. आमच्याकडे कोंबडा लागतो, आणि बाटली. ही बाटली पूर्वी म्हणे घरचीच असायची. आता घरी गाळणं हा गुन्हा, दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे, त्यामुळे राखणदारालाही तालुक्याच्या दुकानातली लेबल लावलेली क्वार्टर मिळते. सगळ्या मानपानात विकतची वस्तू ती एवढीच.

आणि मी माळकरी. गळ्यात तुळस, एकादशी, सकाळी हरिपाठ. वर्गणीच्या मेसेजवर काय लिहायचं?

याचं एक सरळ उत्तर आहे आणि ते हलकं नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात चौथ्या श्लोकात भुताखेतांची पूजा तामस लोकांची म्हणून बाजूला काढली आहे. तुकोबांनी क्षुद्र दैवतांवर आणि त्यांच्यापुढच्या बळीवर सणसणीत कोरडे ओढले. गाडगेबाबांनी गावोगाव फिरून, जत्रांमध्ये उभं राहून बळी बंद करा म्हणून सांगितलं. ही आपली परंपरा आहे, तिला वळसा घालून "प्रत्येकाची श्रद्धा वेगळी" असं गुळमुळीत बोलणं मला जमत नाही. तसं बोलल्याने आपण उदार दिसतो, कोंबड्याला त्याचा काही उपयोग नाही.

पण गाडगेबाबा जत्रेत खराटा घेऊन उभे असायचे. आधी गाव झाडायचं, मग कीर्तन. ते तिथे होते. मी कॉटन ग्रीनला एसीत बसून "यंदा हिंसा नको" असा मेसेज टाकला तर शब्द तेच असतील, पण बोलणारा त्या जागेवर नसेल. ऑक्टोबरात काकांचा फोन झाला तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "तू कोंबड्याचे नको देऊस हां, नारळाचे दे. तांदूळ तर नेशील ना?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कट्टा बांधायचा होता. पण प्रश्न तिथेच आहे. त्याच तांदळाचा भात मी पांडुरंगापुढे ठेवतो. नैवेद्य माझा शुद्ध, आणि त्याची राखण मात्र काकांच्या खात्यावर. ऑफिसमध्ये नको असलेलं काम आपण व्हेंडरला देतो आणि ऑडिटमध्ये हात वर करतो, तसंच हे.

मग दुकानातला तांदूळ घ्यावा का? माझा एक सत्संगातला मित्र हेच म्हणतो. पण त्या शेतातही उंदरांना विष घातलंच असेल, खोडकिड्यावर फवारलंच असेल, लावणीच्या चिखलात बेडूक-खेकडे मेलेच असतील. फक्त मला त्या माणसाचा फोन येणार नाही. अंडी आपण खात नाही, ठीक. पण खाणाऱ्यांनी पोल्ट्रीचा हिशेब बघावा. अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या जातीचे नर पिल्लू काही कामाचे नसतात, म्हणून हॅचरीत ते बहुधा पहिल्याच दिवशी मारले जातात. त्यांच्यासाठी कोणी गाऱ्हाणं घालत नाही. (दुधाचा आणि वासरांचा विषय आपल्या जास्त जवळचा आहे, त्यावर वेगळं लिहीन.) अठराव्या अध्यायात अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात भगवंत हेच सांगतात : आगीला धूर असतोच तसा प्रत्येक कामाला दोष असतो, म्हणून आपल्या वाट्याचं काम टाकू नये. धूर नको म्हणून मी आग शेजारच्या घरात पेटवली तर धूर संपला असं म्हणता येणार नाही.

इथे मला काकीबद्दल सांगायचं आहे. राखणीचा कोंबडा कुठला हे ती ठरवते. दोन वर्षांपूर्वी मी तिला विचारलं, की तूच वाढवतेस, तुला वाईट नाही वाटत? ती खळं सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "वाटतं तर. म्हणून तर विकतचा आणू देत नाही."

मी बराच वेळ यावर विचार केला आहे. बाजारातून कोंबडा आणणं सोपं होतं, आणि त्याने कोणाला काही वाटलंही नसतं. तिचं म्हणणं असं, की द्यायचंच तर ज्याचं दुःख होईल असं द्यावं. त्या दिवशी सगळं घर जेवतं आणि काकीचा उपास असतो. पंचांगात तो उपास नाही. तिने गीता वाचलेली नाही, तरी "फक्त स्वतःसाठी शिजवणं" म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा नेमकं कळतं असं मला वाटतं. तरीही कोंबडा मरतोच, हेही खरं, आणि काकीच्या उपासाने त्याचा जीव परत येत नाही. या दोन्ही गोष्टी मला एकदम दिसतात. त्यातली एक झाकून दुसरी दाखवायची माझी इच्छा नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीता-प्रवचनं दिली, त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना यज्ञाचा फार साधा अर्थ सांगितला आहे : आपल्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणं. या अर्थाने बघितलं तर राखणीची वर्गणी हा हिशेबाचा अगदी लहान भाग आहे. झीज कोणाची होते? जमिनीची, कोंबड्यांची, आणि साठी उलटलेल्या दोन माणसांच्या कमरेची. सामाईक शेताचा तांदूळ चार घरांत जातो आणि पाठ दोनच जणांची मोडते. आमच्या ग्रुपवर कोंबडा द्यावा की नाही यावर दरवर्षी चाळीस मेसेज पडतात. कापणीला कोण येणार यावर दोन.

सावता महाराजांची गोष्ट आपण सगळे सांगतो, की त्यांना विठ्ठल अरणच्या मळ्यातच दिसला. आपण ती "काम करताना देव आठवा" अशी सांगतो, म्हणजे लॅपटॉपशेजारी विठ्ठलाचा फोटो. पण ते मळ्यात होते, खुरपं हातात होतं, हे आपण पटकन ओलांडून जातो.

मी काय करतो ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. कोंबड्याचे आणि बाटलीचे पैसे देत नाही, आणि तो प्रसाद घेत नाही. माळेचा नियम आहे, तो पाळतो. नारळाचे देतो. कापणीच्या मजुरीतला आमच्या घराचा पूर्ण वाटा देतो आणि पाच दिवस रजा टाकून जातो. विळा मला नीट चालवता येत नाही, म्हणून भारे वाहतो. आणि गेल्या वर्षी, फोनवर नाही, खळ्यात बसून, काकांपुढे एक विषय काढला : कोंबड्याऐवजी कोहळा कापला तर? कोहळ्याचा बळी आपल्या शास्त्रात आणि रिवाजातही आहे. ते लगेच नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "हे माझ्या एकट्याचं नाही. देवळात कौल लावू."

काकीने एवढंच विचारलं, "कोहळा कोण वाढवणार?" मी म्हटलं, बी मी आणतो. बी आणलं, तिने परसात लावलं, वेल धरला. दोन कोहळे लागलेत, फोटो पाठवला होता. कौल दसऱ्यानंतर लागणार आहे.

उद्या चौदावा श्लोक, पावसाचा.

राम कृष्ण हरी.