आधी रीत दाखवा

पोरांनो, हातातले मोबाइल उलटे करून ठेवा आणि ऐका. शाळा सोडून तुम्हाला वर्षं झाली, पगार सुरू झाले, कुणाचे संसार लागले, म्हणून इतके दिवस बोलायचं टाळलं. पण हल्ली भेटलात की तुमच्या तोंडी दोनच विषय असतात. कोणतं क्रिप्टो कॉइन वर जाणार आणि कोणत्या देशात युद्ध कधी भडकणार. दोन्हींचं उत्तर तयार असतं. ते कुठून आलं असं विचारलं की ततपप सुरू. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी गणिताच्या पेपरात कधी पूर्ण गुण दिले नाहीत. आणि इथे तर तुम्ही घरच्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या जिवावर रीत न मांडता उत्तरं ठोकत सुटला आहात. हे मी गप्प बसून बघणार नाही.

पैशांपासून सुरुवात करू, कारण तिथे तुमची चूक पाटीवर मांडता येते. समजा, तुमच्याकडे २०,००० रुपये आहेत आणि अ‍ॅपवर तुम्ही वीस पट लिव्हरेज, म्हणजे उसनवारी, घेतलंत. म्हणजे सौदा झाला ४ लाखांचा. भाव उलट दिशेला पाच टक्के हलला की ४ लाखांचे पाच टक्के म्हणजे २०,००० रुपये गेले. मुद्दल संपलं. प्रत्यक्षात पाच टक्केही लागत नाहीत, त्याआधीच एक्स्चेंज तुमची पोझिशन उडवून मोकळं होतं. बिटकॉइन एका दिवसात पाच टक्के हलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आता फी धरा. सौद्याच्या रकमेवर ०.०५ टक्के जरी धरली, तरी घेताना २०० आणि सोडताना २००. असे ५० सौदे केलेत की भाव जागचा न हलताही तुमचे २०,००० संपले. ही आठवीची शेकडेवारी आहे. तुमच्यातले काही इंजिनिअर आहेत, काही बँकेत आहेत. ही आकडेमोड तुमच्यापैकी एकानेही कागदावर केली नव्हती. केली असती तर तोंड वर करून मला ‘सर, गुंतवणूक करतोय’ असं म्हणाला नसतात.

गुंतवणूक कशाला म्हणतात, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. पैसा काही वर्षं कामाला लावायचा, धंदा काय आहे ते समजून घ्यायचं, बुडाला तर चूल बंद पडणार नाही एवढाच लावायचा. रात्री दोनला उठून चार्ट बघणं याला जुगार म्हणतात. तुमचा तो टेलिग्रामवरचा गुरू, जो ‘सिग्नल’ देतो आणि त्याचेही पैसे घेतो, त्याला नेमकं कळत असतं तर तो तुमच्या महिन्याच्या वर्गणीवर कशाला जगला असता?

शेअर बाजारात निदान सेबी नावाचा राखणदार आहे. त्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं की फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांनी आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत पैसे घालवले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. राखणदार असलेल्या वाड्यात ही गत. तुम्ही तर जिथे राखणदारच नाही तिथे रात्री शिरताय.

कराचं तरी वाचलंत का? २०२२ पासून कॉइनच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मांडा. एका कॉइनमध्ये ५०,००० मिळवले, दुसऱ्यात ६०,००० घालवले. तुमच्या लेखी तोटा १०,०००. सरकारच्या लेखी नफा ५०,०००. त्यावर कर १५,००० आणि चार टक्के उपकर ६००. म्हणजे तुमच्या खिशातून गेले २५,६००. शिवाय विक्री करतानाच एक टक्का टीडीएस आगाऊ कापला जातो. ‘सर, सरकारच चुकीचं आहे’ असं म्हणू नका. असेलही. पण नियम माहीत नसताना डाव मांडणाऱ्याने पंचाला शिव्या घालायच्या नसतात.

तुम्हाला वाटतं, तुमचा खेळ नवा आहे. तुमच्या आजोबांच्या पिढीने तो गिरणगावात खेळून पाहिलाय. न्यूयॉर्कहून मुंबईला कापसाचे भाव यायचे आणि त्या आकड्यांवर गिरणी कामगार ओपन-क्लोज लावायचे. न्यूयॉर्कच्या कापसाची जाण असल्याचा आव तेव्हाही लोक आणायचे. मग साठच्या दशकात ते भाव येणं थांबलं. खेळ थांबला का? नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला लागले आणि तोच कामगार त्याच रांगेत, तोच पगार घेऊन उभा राहिला. कापसाची गरजच नव्हती हे तेव्हा उघडं पडलं. जुगाऱ्याला फक्त हलणारा आकडा हवा असतो. तो न्यूयॉर्कहून आला काय आणि मडक्यातून आला काय.

आज तुमचा कापूस म्हणजे जगाचं राजकारण. ट्रम्प काय बोलले, पुतिन काय म्हणाले, इराणने काय डागलं, यावर तुम्ही तावातावाने बोलता. बरं, मग माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. होर्मुझची सामुद्रधुनी नकाशावर बोट ठेवून दाखवा. इराणमध्ये १९५३ साली मोसादेग यांचं सरकार कुणी पाडलं? २०१५ च्या अणुकरारातून २०१८ मध्ये कोण बाहेर पडलं? युक्रेनने १९९४ मध्ये आपल्याकडची अण्वस्त्रं कोणत्या आश्वासनावर सोडली? गप्प का? काल तर अर्धा तास तिसऱ्या महायुद्धाचं वेळापत्रक सांगत होतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण तुमच्याकडून दहा वेळा लिहून घेतली होती. उपयोग झालेला दिसत नाही.

आणि हे नाकाने कांदे सोलून हाती काय लागलं? १० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनच्या मालावर आणखी १०० टक्के आयात शुल्क लावायची धमकी दिली. ती जाहीर झाली तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट उजाडायची होती, तुम्ही झोपेत होतात. १,२२,००० डॉलरच्या आसपास असलेलं बिटकॉइन काही तासांत १,०५,००० च्या घरात आलं. काही छोटी कॉइन्स मिनिटांत निम्म्याच्याही खाली गेली. एका दिवसात जगभरातले १९०० कोटी डॉलरहून जास्त किमतीचे उसनवारीचे सौदे उडाले. तुमच्यातले कितीतरी जण सकाळी उठले तेव्हा खातं रिकामं होतं. आठवडाभरानंतर भाव कुठे असेल याचा तुमचा अंदाज बरोबर असला काय आणि चूक असला काय, त्या पहाटे त्याला काडीची किंमत उरली नव्हती. उसन्या पैशावर खेळणाऱ्याला बरोबर ठरायलाही वेळ मिळत नाही. त्या रात्रीचा धडा एवढाच होता, आणि तोही तुम्ही घेतला नाहीत. दुसऱ्याच दिवशी ‘डिप आहे, स्वस्तात मिळतंय’ म्हणत मित्राकडे पैसे मागायला गेलात.

‘डॉलर संपणार’ हे तुमचं लाडकं मत. अरे, मग तुमच्या खात्यातली शिल्लक कशात दिसते? टेथरमध्ये. टेथर म्हणजे डॉलरलाच बांधलेलं नाणं, आणि ते काढणारी कंपनी तुमच्या पैशाचा मोठा हिस्सा अमेरिकी सरकारच्या रोख्यांत ठेवते. डॉलर बुडणार म्हणून आरोळ्या ठोकायच्या आणि त्याच दमात अमेरिकेला कर्ज द्यायचं, हे तुमचं अर्थशास्त्र. याला मत म्हणत नाहीत.

उत्तर कोरियावरही तुम्ही विनोद करता. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या आपल्याच मुंबईत वाढलेल्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. लोकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. त्यात लग्नासाठी ठेवलेले पैसे होते, शिक्षणासाठी ठेवलेले होते. ती चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांनी केली, असं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्तपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात बायबिटवर तब्बल १५० कोटी डॉलरचा दरोडा पडला, बोट पुन्हा तिकडेच. असा पैसा शस्त्रांच्या कार्यक्रमाला जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी अहवालांत सांगितलं आहे. ज्या क्षेपणास्त्राची बातमी वाचून तुम्ही चार्ट उघडता, त्यात तुमच्या शेजाऱ्याच्या घामाचा पैसा असू शकतो, हे तुमच्या ध्यानीमनी तरी होतं का?

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते बोलतो. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागत होते. त्या दिवसांत तुमच्यातला एक जण मला म्हणाला, ‘सर, अजून दोन दिवस ताणलं ना, की माझं शॉर्ट निघेल.’ शॉर्ट म्हणजे भाव पडेल यावर लावलेला सौदा. मुलगा वाईट नाही. शेजारी कुणी आजारी पडलं तर अर्ध्या रात्री गाडी काढणारा आहे. त्याच मुलाच्या मनात, आणखी दोन दिवस माणसं मरावीत अशी इच्छा आली आणि ती त्याला खटकलीही नाही. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, बिटकॉइन एक लाख डॉलरच्या खाली गेलं, याचे डोळे चमकले. २३ जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. दोहात आपल्या रत्नागिरीची, रायगडची पोरं नोकरीला आहेत. त्यांच्या आया फोन कानाला लावून बसल्या होत्या. त्याच रात्री युद्धबंदी जाहीर झाली, भाव उसळला, याचं शॉर्ट उडालं. आणि हा युद्धबंदीवर चिडला! युद्ध थांबलं म्हणून चिडलेला माणूस मी माझ्या वर्गातून बाहेर पाठवला, हे मी कुणाला सांगू?

जुगार खिसा कापतो ते भरून काढता येतं. पण तो तुमची नजर बदलतो, त्याचं काय? रशिया अमुक शहर अमुक तारखेपर्यंत घेईल का, यावर पॉलिमार्केटसारख्या ठिकाणी लोक पैसे लावतात. त्या शहरात तळघरात बसलेली म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आणखी कशाला म्हणायचं? ज्याचा पैसा लागलेला आहे, त्याला बातमी सरळ वाचताच येत नाही. तुम्ही आधी पोझिशन घेता आणि मग तिला साजेल तेवढंच खरं मानता. इराणवरचं, युक्रेनवरचं, गाझावरचं तुमचं मत म्हणजे तुमच्या सौद्याची पावती आहे. ती मला मत म्हणून दाखवू नका.

मी आंधळा विरोध करतोय असंही समजू नका. बिटकॉइन २००९ पासून चाललंय, त्यामागचं गणित खरं आहे आणि अभ्यासाच्या लायकीचं आहे. २६ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाचं आक्रमण होऊन दोनच दिवस झाले असताना, युक्रेनच्या सरकारने याच नाण्यांतून जगाकडे मदत मागितली आणि कोट्यवधी डॉलर उभे राहिले. कुणी बचतीचा लहानसा हिस्सा, कर्ज न काढता, कर भरून, बुडाला तरी चालेल अशा तयारीने ठेवत असेल, तर माझं भांडण नाही. जगाच्या घडामोडींवर बोलण्याशीही नाही. उलट तुम्ही बोलायलाच हवं. आपल्याला लागणारं बहुतेक कच्चं तेल आपण बाहेरून आणतो, होर्मुझला ठिणगी पडली की आपल्या एसटीच्या डिझेलपर्यंत झळ येते. पण बोलण्याआधी वाचावं लागतं. एका देशाचा निदान पन्नास वर्षांचा इतिहास, दोन्ही बाजूंनी, नकाशा समोर ठेवून. त्याला कष्ट पडतात. तुम्हाला कष्ट नकोत, आकडा हवा.

दरमहा दहा टक्क्यांचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन या योजनेने याच महाराष्ट्रात किती घरं बुडवली, ते विसरलात? त्या प्रकरणाच्या तपासात मदतीला घेतलेल्या सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये नाणी वळवल्याच्या आरोपाखाली अटक केली. जिथे तपासाला बोलावलेल्या जाणकारांवर अशी वेळ येते, तिथे तुम्ही कुणाच्या भरवशावर उतरलात?

आता काय करायचं ते सांगतो, आणि हे ऐच्छिक नाही. आज अ‍ॅपमधून पहिल्या दिवसापासूनचा हिशेब काढा. किती भरले, किती परत आले, फी किती, कर किती. वजाबाकी कागदावर करा. येईल तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा, वडिलांना, बायकोला, नवऱ्याला, ज्यांच्यापासून लपवलात त्यांना. लिव्हरेजचं खातं बंद करा. सिग्नलच्या ग्रुपमधून बाहेर पडा. ज्यांनी कर्ज केलंय, लोन अ‍ॅपवाल्यांचे फोन ज्यांना येतात, त्यांनी एकट्याने झुरत बसू नये. ‘एक मोठा डाव लागला की सगळं फिटेल’ हा विचार आला तर तिथेच थांबा, कारण याच विचाराने माणसं बुडतात. घरी सांगा. घरी सांगायची छाती होत नसेल तर माझ्याकडे या. मी दोन शब्द कठोर बोलेन, नंतर शेजारी बसून हप्ते मांडून देईन. कर्ज फिटतं, पोरांनो. वेळ लागतो, पण फिटतं.

आणि यापुढे कुठल्याही युद्धाची बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: तिथे किती माणसं आहेत आणि त्यांचं काय झालं? भाव नंतर. खरं तर भाव नाहीच. हे ज्याला जमत नाही, त्याने माझ्यासमोर जगाच्या राजकारणावर तोंड उघडू नये.