रांगेंतील न्याय

नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला नीतीचे पेंचप्रसंग बहुधा पुस्तकांतच भेटतात. बुडतें जहाज व त्यांतली एकच होडी, मित्राचा जीव वांचविण्यासाठीं बोललेलें असत्य, हीं त्याचीं नेहमींचीं उदाहरणें. त्यांत एक मोठी सोय असते. जहाज बुडत असतांना प्राध्यापक स्वतः व्याख्यानगृहांत कोरडा उभा असतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत हा कोरडेपणा मला लाभला नाहीं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला घेऊन आम्ही एका मोठ्या करमणुकीच्या उद्यानांत गेलों होतों. अशा स्थळाला आज सर्वत्र ‘थीम पार्क’ म्हणतात. तेथें आकाशपाळण्याच्या रांगेंत एका साध्याच प्रश्नानें मला असें गांठलें कीं तीस वर्षांच्या अध्यापनाचा काडीइतकाही उपयोग झाला नाहीं.

भाचा अकरा वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें लिओ कॅनर या डॉक्टरांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ही अवस्था वैद्यकाला निराळी म्हणून ओळखूं येऊं लागली. मराठींत तिला ‘स्वमग्नता’ हें नांव मिळालें आहे. नांव सुंदर आहे आणि म्हणूनच थोडें फसवें आहे. आमच्या पिढीनें ‘स्वमग्न’ हें विशेषण कवींना लावलेलें ऐकलें होतें, तेंही बहुधा कौतुकानें. माझा भाचा स्वतःमध्यें बुडालेला आहे असें मला कधींच वाटलें नाहीं. तो जगांतच बुडालेला असतो; त्याचें जग पंख्याच्या पात्यांचें, नळाच्या धारेचें आणि जिन्याच्या पायऱ्यांचें आहे, एवढेंच. तो बोलतो थोडें, पण त्याला समजतें पुष्कळ. गर्दीचा गोंगाट त्याच्या कानांत आपल्यापेक्षां कितीतरी जोरानें शिरतो, म्हणून बाहेर पडतांना त्याच्या कानांवर आवाज अडविणारे जाड हेडफोन असतात. पुढें काय होणार हें ठाऊक असलें कीं तो शांत असतो. ठरलेलें मोडलें कीं त्याचा तोल जातो. नित्याच्या क्रमांत फरक न होऊं देण्याचा हा हट्ट कॅनरनेंही आपल्या मूळ लेखांत ठळकपणें नोंदलेला आहे.

आकाशपाळण्याशीं फलक होता, ‘पाऊण तास’. बहिणीनें पिशवींतून प्लॅस्टिकच्या वेष्टणांतलें त्याचें अपंगत्वाचें प्रमाणपत्र काढलें आणि ती फाटकावरच्या तरुणाकडे जाऊं लागली. मीं तिला थांबविलें. ‘‘सगळींच मुलें उभीं आहेत. आपणही उभे राहूं. त्यालाही जगाची संवय व्हायला हवी,’’ असें मी म्हणालों. त्या वेळीं तें वाक्य मला चांगलें वाटलें होतें.

रांग ही मला मनापासून आवडणारी संस्था आहे, हेंही येथें कबूल करावयास हवें. ज्या समाजांत वशिला, जात आणि ओळख यांवांचून पान हालत नाहीं, त्या समाजांत माणसें एकापाठीं एक उभीं राहतात आणि आधीं आलेल्याला आधीं मिळतें, ही मला लहानशी क्रांतीच वाटते. रांग मोडणाऱ्याशीं मीं बसच्या थांब्यावर भांडणें केलेलीं आहेत. तेव्हां मी त्या दिवशीं केवळ कंटाळलेल्या मामाच्या भूमिकेंतून बोललों नाहीं, तत्त्वनिष्ठ माणसाच्या भूमिकेंतून बोललों, अशी माझी समजूत होती. वास्तविक त्याच रांगेच्या शेजारीं दुसरी एक आंखूड रांग होती. तींत अधिक दराचें तिकीट काढलेलीं मंडळी आमच्या डोळ्यांदेखत पुढें जात होतीं. तिच्याकडे बोट दाखवून कोणी ‘अन्याय’ म्हणत नव्हतें. मींही म्हटलें नाहीं.

पहिलीं दहा मिनिटें बरीं गेलीं. मग तो हात फडफडवूं लागला, मग एका सुरांत गुणगुणूं लागला. रांग नागमोडी होती. पाळणा समोर दिसे, आम्ही चार पावलें त्याच्याकडे जाऊं, आणि लोखंडी कठडा आम्हांला पुन्हां उलट दिशेला वळवी. जवळ आलेली वस्तु दूर कां जाते हें मोठ्या माणसाला संवयीनें कळतें. त्याला ती उघड फसवणूकच वाटली असली पाहिजे. विसाव्या मिनिटाला तो जमिनीवर बसला आणि किंचाळूं लागला. हेडफोन त्यानें ओढून फेंकून दिले. माणसें मागें सरलीं. एका बाईंनीं ‘‘पुढें जाऊं द्या हो त्यांना,’’ असें म्हटलें. मागच्या एका गृहस्थांनीं ‘‘आमचींही मुलें कंटाळलीं आहेत. जरा वळण लावा,’’ असें सुनावलें. त्या गृहस्थांचा मला संताप आला. पण लगेच ध्यानांत आलें कीं त्यांनीं माझेंच वाक्य थोड्या कमी सभ्य भाषेंत म्हटलें होतें.

बहिणीनें मुलाला कुशींत घेतलें, हेडफोन उचलले, आणि कठड्याखालून बाहेर पडतांना ती मला एवढेंच म्हणाली, ‘‘दादा, तूं न्यायासाठीं उभा होतास कीं या लोकांसाठीं?’’

या प्रश्नाचें खरें उत्तर मला त्याच क्षणीं ठाऊक होतें. तें कबूल करायला कांहीं दिवस लागले. मला तिच्या हातांतला कागद नको होता. शंभर अनोळखी माणसांदेखत तो कागद फाटकाशीं उलगडला जावा, आणि हा मुलगा ‘तसा’ आहे व मी त्याचा मामा आहें हें सर्वांना कळावें, हें मला नको होतें. समतेचें तत्त्व त्या वेळीं माझ्या लाजेवर पांघरूण म्हणून आलें होतें. आणि पांघरुणाची किंमत माझ्या खिशांतून गेली नव्हती. ती अकरा वर्षांच्या मुलानें दिली.

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत लेस्बॉसच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा एक दृष्टांत आहे. दगड वेडावांकडा असला तर ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वाकते, आणि म्हणूनच त्याचें माप बरोबर देते. नियम हा नेहमीं सामान्य परिस्थितीसाठीं केलेला असतो. प्रसंग निराळा निघाला म्हणजे नियमाला त्याच्या आकारानें वाकविणें हा नियमाचा भंग नसून त्याची पूर्तता होय, असा त्याचा आशय. हा दृष्टांत मी दरवर्षीं वर्गांत सांगत आलों आहें, आणि विद्यार्थी तो दरवर्षीं उत्तरपत्रिकेंत लिहीत आले आहेत. रांग ही लांकडाची पट्टी आहे. ती घड्याळ मोजते. माझीं पंचेचाळीस मिनिटें आणि भाच्याचीं पंचेचाळीस मिनिटें घड्याळांत सारखीं आहेत. पण मला तेवढ्या वेळांत पाय दुखण्यापलीकडे कांहीं होत नाहीं, आणि त्याच्या दृष्टीनें तो एक असह्य, अनाकलनीय आघात असतो. सारखा वेळ म्हणजे सारखा भार, हें गृहीत धरूनच आपण समतेचा हिशेब मांडतों. हें गृहीत चुकलें कीं हिशेब कितीही प्रामाणिक असला तरी उत्तर चुकतें.

येथपर्यंत येणें सोपें आहे. वाकणारी पट्टी कोणाच्या हातीं द्यावयाची, हा पुढचा प्रश्न कठीण आहे. फ्लोरिडा व कॅलिफोर्निया येथील डिस्नेच्या उद्यानांचा इतिहास या बाबतींत फार बोधप्रद आहे. तेथें अपंगांना व त्यांच्या कुटुंबीयांना निराळ्या वाटेनें आंत सोडण्याची चिठ्ठी मिळत असे. २०१३ च्या मे महिन्यांत वृत्तपत्रांत बातमी आली कीं कांहीं श्रीमंत कुटुंबें एखाद्या अपंग व्यक्तीला दिवसभर भाड्यानें बरोबर नेतात व तिच्या आडून आपल्या धडधाकट मुलांना रांगेच्या पुढें नेतात. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत जुनी चिठ्ठी बंद होऊन नवी योजना आली. ज्याला रांगेंत उभें राहवत नाहीं त्याला रांगेच्या लांबीइतकी पुढची वेळ द्यावयाची. तोंवर त्यानें सांवलींत बसावें, कांहीं खावें, आणि वेळ झाल्यावर यावें. म्हणजे वाट पाहणें माफ नाहीं, उभें राहणें तेवढें माफ. मला ही कल्पना पहिल्या वाचनांतच पटली. तींत कोणाचा नंबर कोणी घेत नाहीं.

परंतु सर्वांना ती पटली नाहीं. एका स्वमग्न तरुणाच्या कुटुंबानें २०१४ मध्यें दावा केला. हा तरुण थांबूं शकत नाहीं, आणि उद्यानांतील खेळ ठराविक क्रमानेंच घेतल्याखेरीज त्याला चैन पडत नाहीं. त्यामुळें ‘तासाभरानें या’ हें त्याच्या बाबतींत ‘येऊं नका’ असें म्हणण्यासारखेंच आहे, अशी तक्रार होती. २०२० च्या जूनमध्यें न्यायाधीशांनीं निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. मागितलेली सवलत आवश्यक नाहीं, आणि ती दिल्यास उद्यानाची व्यवस्थाच मुळापासून बदलेल, असा त्याचा आशय होता. मला हा निकाल चुकीचा म्हणवत नाहीं, आणि बरोबर म्हणतांना रांगेंतून बाहेर पडणाऱ्या बहिणीची पाठ आठवते. २०२४ मध्यें कंपनीनें ही सवलत आणखी आंवळून ती मुख्यतः स्वमग्नता व तत्सम विकासविषयक अवस्थांपुरती ठेविली. लगेच इतर व्याधींचीं माणसें तक्रार घेऊन उभीं राहिलीं, आणि नवे दावे झाले. लबाड माणूस सवलतीचें दार वापरतो, त्यामुळें दारावर पहारा बसतो, आणि पहारेकऱ्याला पहिलें उत्तर द्यावें लागतें तें प्रामाणिक माणसाला. भाड्यानें अपंग माणूस नेणाऱ्यांनीं केवळ इतरांचा नंबर घेतला असें नाहीं. त्यांनीं पुढच्या प्रत्येक आईला पुरावा दाखविण्याच्या खिडकीशीं उभें केलें. हा अपराध मला अधिक मोठा वाटतो.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यानें प्रकार एकवीस केले व तिला त्यांत स्थान दिलें. भारतानें २००७ मध्यें मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचें तिसावें कलम तर खेळ व करमणूक यांत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीनें भाग मिळावा असें स्पष्ट सांगतें. पाळण्यांत बसणें ही मेहेरबानी नव्हे, असें म्हणावयास कायद्याचा आधार आहे. तरीही माझ्या बहिणीचा आवाज खिडकीशीं आर्जवाचाच लागतो. कायदा कागदावरची भाषा बदलतो. घशांतली भाषा त्याहून पुष्कळ हळूं बदलते.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथें २०१० मध्यें एका जुन्या दगडखाणीच्या जागीं ‘मॉर्गन्स वंडरलँड’ नांवाचें उद्यान निघालें. गॉर्डन हार्टमन या गृहस्थांची मुलगी एका जलतरण तलावांत इतर मुलांशीं खेळावयास गेली आणि तीं मुलें तलाव सोडून निघून गेलीं; ही आठवण त्या उद्यानाच्या मुळाशीं आहे. अपंगांना तेथें प्रवेशमूल्य नाहीं, चाकांच्या खुर्चीसकट गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्यांत चढतां येतें, आणि २०१७ मध्यें निघालेल्या शेजारच्या जलक्रीडेच्या भागांत दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या पाण्यांत जातात. तें उद्यान सर्वांनाच खुलें आहे, हें मला त्यांतलें मुख्य वाटतें. केवळ ‘अशा’ मुलांसाठीं उंच कुंपणाचें निराळें उद्यान कोणी बांधलें, तर रांगेचा प्रश्न सुटेल. पण तलाव सोडून गेलेलीं मुलें परत येणार नाहींत.

त्या दिवशीं पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. रांगेंतून बाहेर पडल्यावर भाचा आकाशपाळण्याच्या पायथ्याशीं, मागच्या बाजूच्या कठड्याजवळ गेला. त्या प्रचंड चक्राच्या कडेला खालीं मोटारीच्या चाकांसारखीं रबरी चाकें टेंकलेलीं होतीं. तीं आपल्याभोंवतीं फिरत आणि त्यांच्या घर्षणानें तें मोठें चक्र हालत होतें. एवढें मोठें चाक एवढ्याशा चाकांनीं फिरतें, हें माझ्या कधीं ध्यानांतच आलें नव्हतें. तो तेथें तासाहून अधिक वेळ उभा राहिला. ज्याला वीस मिनिटें रांग सहन झाली नव्हती, त्यानें तेथें एकदांही तक्रार केली नाहीं. बहिणीनें गवतावर बसून सकाळपासून प्रथमच डबा उघडला. मी मात्र प्रथम घड्याळाकडे पाहिलें, मग चार तिकिटांचा हिशेब केला, आणि ‘‘त्याला एकदां तरी वर बसवूं या,’’ असें म्हणालों. ‘‘कोणासाठीं?’’ असें तिनें विचारलें नाहीं. नुसतें माझ्याकडे पाहिलें आणि पोळीचा तुकडा माझ्या हातांत दिला. खरोखर, वर बसलेल्या त्याचें एक छायाचित्र मला हवें होतें. घरीं आईला दाखवायला.

थोड्या वेळानें त्यानें माझा हात धरला आणि कठड्याच्या लोखंडावर ठेवला. लोखंड बारीक थरथरत होतें. मी हात काढूं लागलों तेव्हां त्यानें तो पुन्हां दाबून धरला. चक्राची एक फेरी पुरी होईपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे होतों.

मे महिन्याच्या सुट्टींत बहिणीला पुन्हां तेथेंच जावयाचें आहे, कारण तो आतां रोज बोटानें हवेंत वर्तुळ काढून दाखवितो. प्रमाणपत्राची एक प्रत तिनें माझ्या पाकिटांत घालून ठेविली आहे. या खेपेस फाटकाशीं मीं जावयाचें, असें ठरलें आहे.