भाव आणि विवेक

जुन्या घराची वीजजोडणी बदलावयाची झाली म्हणजे घरचा कर्ता दोनतीन वायरमनांकडून दरपत्रके मागवितो आणि सर्वांत कमी रकमेच्या पत्रकावर बोट ठेवतो. यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे कोणी विचारील. भाव करणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. परंतु हक्क बजावतानाही अन्याय घडू शकतो, आणि येथे तो दोन प्रकारांनी घडतो.

गोव्यातील एखादे राजांगणाचे, चिऱ्यांच्या जाड भिंतींचे कौलारू घर घेऊ. अशा अनेक घरांत वीज आली ती घर बांधल्यानंतर कित्येक वर्षांनी. लाकडी पट्ट्यांवरून रबरी वेष्टनाच्या तारा फिरविल्या गेल्या. ते रबर काळाने कडक होऊन तडकते, सांध्यांना पावसाळी ओल लागते, आणि पुष्कळ ठिकाणी अर्थिंगची तिसरी तारच नसते. चार दिवे आणि एखादा पंखा यांसाठी घातलेल्या या तारांवर आज फ्रीज, गिझर, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्र यांचा भार पडतो. चवथीला तर सारे कुटुंब एकत्र येते, माटोळीभोवती दिव्यांच्या माळा लागतात, आणि ऐन भाद्रपदाच्या ओलीत घराची वीज सर्वांत अधिक राबते.

समजा, अशा घरासाठी एक पत्रक नव्वद हजारांचे आले आणि दुसरे दीड लाखाचे. पहिल्यात ‘संपूर्ण वायरिंग’ एवढेच शब्द आहेत. दुसऱ्यात दिव्यांसाठी १.५, सॉकेटांसाठी २.५ व वातानुकूलनासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र अर्थिंग, प्रत्येक फाट्याला एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि शेवटी मेगरने तपासणी, असा तपशील आहे. यांपैकी एमसीबी ही कळ भार वाढला किंवा तारा एकमेकींस भिडल्या म्हणजे पडते व तारेचे रक्षण करते. माणसाच्या अंगातून वाहणारा अल्प प्रवाह तिला कळत नाही. तो ओळखून क्षणार्धात वीज तोडणारा तो आरसीसीबी. पहिल्या पत्रकात तो आहे की नाही, हे कागदावरून समजण्यास मार्ग नाही. तेव्हा या दोन रकमांची तुलना करणे म्हणजे सोन्याचा आणि मुलाम्याचा दागिना नुसत्या वजनावर जोखणे होय. अर्थात् मोठी रक्कम हा सचोटीचा पुरावा नव्हे. तिच्यातही फुगवटा असू शकतो. कामाची यादी आधी निश्चित करून तीच सर्वांच्या हाती दिल्यावाचून कोणाच्याही भावाविषयी न्यायाने बोलता येणार नाही.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात एक मार्मिक स्पष्टीकरण आहे. केवळ मौन बाळगणे हे कपट ठरत नाही. मात्र जेथे बोलणे हे कर्तव्य असते, तेथे ते ठरू शकते. घोडा सदोष आहे हे विकणारा बोलला नाही, तर ते कपट नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्याने सांगितले पाहिजे. कायदा नात्याकडे पाहतो. मला वाटते, नीतीने दृष्टीआड असलेल्या वस्तूकडेही पाहावे. घोड्याचे दात तरी पाहता येतात. गिलावा चढल्यावर भिंतीतील तार पाहता येत नाही. समोरच्याला जितके कमी दिसते, तितके जाणत्याचे बोलण्याचे कर्तव्य वाढते.

हेच माप गिऱ्हाइकालाही लावले पाहिजे. दुसरा वायरमन माळ्यावर चढला, अर्धा दिवस खपून त्याने प्रत्येक तार शोधली आणि यादी केली. मालक तो कागद तिसऱ्याच्या हाती देऊन म्हणतो, “हेच काम कमीत करा.” तिसऱ्याचे श्रम वाचलेले असतात, म्हणून तो कमी सांगू शकतो. करार झालेला नसल्यामुळे पहिल्याने दाद मागावी कोठे? अशा व्यवहाराने बाजारात काळजीपूर्वक पाहणारा माणूस तोट्यात जातो, आणि पुढच्या घरी तोही एका ओळीचे पत्रक देऊ लागतो. यावर उपाय साधा आहे. पाहणीचे शुल्क आधी ठरवून द्यावे. मग ती यादी मालकाची होते आणि ती कोणालाही दाखविण्यास त्याला संकोच नको.

ज्याची ऐपतच नाही त्याने काय करावे, हा आक्षेप खरा आहे. त्याने काम थोडे करावे, टप्प्याटप्प्याने करावे. आधी अर्थिंग, आरसीसीबी आणि तडकलेल्या तारा. वातानुकूलनाची जोडणी पुढच्या वर्षी. कामाचा विस्तार कमी करणे हा काटकसरीचा भाग झाला. सुरक्षिततेला गुपचूप कात्री लावणे ही काटकसर नव्हे. परवानाधारक कंत्राटदाराकडूनच काम करवून घेण्याची अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ व्या नियमाने घातली होती, आणि ती २०२३ च्या विनियमांतही कायम आहे. तेथेही सूट शोधू नये.

कारण वडिलार्जित घरात खर्च करणारा एक असतो आणि धोका पत्करणारे दुसरेच. मुंबईस राहणारा भाऊ पत्रक मंजूर करतो. ओल्या हाताने पंपाची कळ दाबतो तो घरचा गडी, आणि रात्री अंधारात बटण चाचपते ती वृद्ध आत्या. त्यांना कोणी पत्रक दाखविलेले नसते. निवड करणाऱ्याने आपला हात त्या कळीवर आहे असे समजून निवड करावी. इतके पाहून झाल्यावर कमी रकमेचे पत्रक स्वीकारले तरी त्यात गैर काही नाही. मात्र ते त्याच कामासाठी कमी असावे, आणि ज्याला नकार दिला त्यालाही त्याचे कारण तोंडावर सांगता यावे.