घोषणा आणि हेत्वाभास

राजकीय घोषणेचे सामर्थ्य तिच्या संक्षेपात असते, आणि तिचा दोषही बहुधा त्याच संक्षेपाच्या आश्रयाने वावरतो. आपल्या नैयायिकांनी दुसऱ्याला पटवावयाच्या अनुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगितले. घोषणा त्यांपैकी केवळ प्रतिज्ञा उच्चरवाने मांडते आणि हेतू विचारण्यास श्रोत्याला उसंत देत नाही.

तथापि प्रत्येक घोषणा अनुमान नसते. खानापूर तालुक्यातील विटे १९४२ साली ज्या सातारा जिल्ह्यात मोडत होते, त्या जिल्ह्यात ‘चले जाव’ ही घोषणा गावोगाव दुमदुमली आणि पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ती घोषणा आज्ञा होती. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही मागणी होती. आज्ञा आणि मागणी न्याय्य किंवा अन्याय्य ठरतात. हेत्वाभासाचा, म्हणजे सदोष हेतू पुढे केल्याचा, आरोप त्यांच्यावर करता येत नाही. तो आरोप घोषणा कारण सांगू लागते, श्रेय घेऊ लागते किंवा पर्याय मांडू लागते, तेव्हाच संभवतो.

विट्याच्या परिसराला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. पर्जन्यछायेतील खानापूर तालुक्यात टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आणले, आणि ‘पाणी आम्हीच आणले’ ही निवडणुकीतील घोषणांची परिचित धाटणी झाली. वास्तविक कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बचावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले होते, आणि मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकत असल्याने ते त्यापूर्वी वापरात आणण्याची निकड होती; आटपाडीत १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरत होत्या; १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले; अभियंते राबले, शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. इतक्या कारणांच्या समुच्चयातून एकालाच कर्ता ठरवणे, आणि कोणाच्या कारकिर्दीत पाणी आले एवढ्यावरून ते त्यानेच आणले असे मानणे, हा पहिला दोष, काकतालीय न्याय होय: कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून फांदी कावळ्याने तोडली असे होत नाही.

दुसरा दोष खोट्या विकल्पाचा. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत विरोधकांच्या ‘इंदिरा हटाओ’ला ‘गरिबी हटाओ’ हे उत्तर मिळाले, आणि इंदिराजींना विरोध म्हणजे गरिबीला पाठिंबा असा ग्रह जनमनात सहज रुजू शकला. गरिबी हटवण्याची इच्छा निःसंशय थोर होती. परंतु ती हटवण्याचा मार्ग कोणता आणि तो एकमेव का, हा प्रश्न त्या दोन शब्दांच्या आड राहिला.

तिसरा दोष न्यायसूत्रकार गौतमाने सामान्यछल म्हणून नोंदला आहे: प्रतिपक्षाचे विधान त्याच्या अर्थापलीकडे ताणून मग त्याचे खंडन करणे. योजनेच्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्यास ‘पाण्याचा वैरी’ म्हणणे हे त्याचे रूप. हिशेब मागणे आणि विरोध करणे यांत, अर्ज आणि फिर्याद यांत असावे तेवढे अंतर आहे, ते पुसून टाकल्यावाचून हा आरोप उभाच राहत नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. हेतू सदोष निघाला म्हणून प्रतिज्ञा असत्य ठरत नाही. कोणी पाण्याचे श्रेय खोटे घेतले, तरी खानापूरच्या शेतकऱ्याचा पाण्यावरील हक्क तिळमात्र उणा होत नाही. जो विवेकाच्या नावाखाली मागणीचीच टवाळी करतो, तो घोषणा देणाऱ्याइतकाच हेत्वाभासात सापडतो.

ज्या टेंभूहून हे पाणी चढवले जाते, तेथेच १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून त्यांनी रूढीला कारण विचारण्याचे धैर्य महाराष्ट्राला शिकवले. आज रूढीइतकीच घोषणाही कारण मागण्यास पात्र झाली आहे. सभेत प्रत्येक घोषणेनंतर ‘हेतू काय?’ एवढे विचारणारा मतदार निर्माण झाला, तर पुढाऱ्यांना उत्तर द्यावे लागेल. आणि उत्तर देण्याची सवय ज्या राजकारणाला लागते, त्यालाच लोकशाही हे नाव शोभते.