बळ, वय आणि आसक्ती

बाकावर उताणे झोपायचे, लोखंडी बार छातीला टेकेपर्यंत खाली आणायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा, या व्यायामाला बेंच प्रेस म्हणतात. छाती, खांद्यांचा पुढचा भाग आणि दंडांची मागची बाजू त्यात मुख्यतः राबते. स्क्वॉट आणि डेडलिफ्टसह तो पॉवरलिफ्टिंगच्या तीन प्रकारांपैकी एक आहे. व्यायामशाळेत एखाद्याच्या ताकदीची चौकशी होते ती बहुधा याच व्यायामावरून, आणि उत्तर किलोत मिळते. हा आकडा तरुणपणी वाढतो, पुढे रेंगाळतो आणि सराव चालू ठेवला तरी एका वयानंतर उतरतो. त्यामुळे उतारवयात वजन कसे उचलावे हा प्रश्न केवळ सांध्यांचा राहत नाही. जे जाणारच आहे ते राखण्याची धडपड विवेकातून होते की आसक्तीतून, हेही ठरवावे लागते. भारतीय परंपरेला बार आणि प्लेट ठाऊक नव्हत्या, पण या प्रश्नाचा विचार तिने बारकाईने केला आहे.

आधी शरीराची बाजू. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर घट वेग घेते. ताकद त्याहूनही लवकर जाते, कारण झटक्यात जोर लावणारे स्नायुतंतू आधी बारीक होतात आणि त्यांना आज्ञा देणारे चेतातंतूही कमी होतात. या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ मध्ये मिळाले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेतला गेला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मुळात ती फारच थोडी होती, म्हणून टक्केवारी एवढी मोठी दिसते. तरीही स्नायू नव्वदीतसुद्धा शिकतो हे त्यातून सिद्ध झाले. स्नायुबंधांचे मात्र तसे नाही. ते सावकाश बळावतात, वयाबरोबर ताठर होतात आणि दुखावले की बरे व्हायला महिने घेतात. म्हातारपणी वजन उचलताना होणाऱ्या अनेक दुखापती या दोन वेगांमधल्या तफावतीतून होतात.

आयुर्वेदात या विषयावर वरवर पाहता परस्परविरोधी मते आहेत. व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी चाल करून येत नाही, असे सुश्रुत सांगतो. वाग्भट अष्टांगहृदयात व्यायाम टाळायला सांगितलेल्यांच्या यादीत बालक आणि अजीर्णाचा रोगी यांच्याबरोबर वृद्धालाही बसवतो. हे वचन पुढे करून पन्नाशीच्या माणसाला घरी बसवणारे पुष्कळ भेटतात. पण वृद्ध कोणाला म्हणावे हेही त्याच ग्रंथात दिले आहे. सोळापर्यंत बाल्य, सत्तरीपर्यंत मध्यम वय आणि त्यानंतर क्षय, अशी वाग्भटाची विभागणी आहे. सुश्रुत मध्यम वयाचे आणखी तुकडे पाडतो. त्याच्या मते चाळिशीपर्यंत शरीर परिपूर्ण होते आणि तिथून सत्तरीपर्यंत किंचित उतार लागतो. आजच्या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचा ज्येष्ठांचा पहिला गट चाळिशीला सुरू होतो आणि चौथा सत्तरीला. हा निव्वळ योगायोग असेल, पण निरीक्षण दोघांचेही चांगले आहे.

याहून मोलाचा आहे तो अर्ध्या शक्तीचा नियम. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, एरवी त्याहून कमी, असे वाग्भट बजावतो. निम्मी शक्ती ओळखायची कशी याचे उत्तर सुश्रुताने शरीराच्या खुणांत दिले आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागला की ती मर्यादा आली. मर्यादा ओलांडणाऱ्याची गत, वाग्भटाच्या म्हणण्याप्रमाणे, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी होते. इथे नियम किलोत नाही, त्या दिवशीच्या शरीरात आहे. सेट संपवताना आणखी दोन-तीन रेप निघतील एवढा दम शिल्लक ठेवावा, असे आजचे जाणते प्रशिक्षक सांगतात ते याच रीतीचे आहे.

तत्त्वज्ञानाचा धागा भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात सापडतो. बलवानांमधले, काम आणि राग यांनी रहित असलेले बळ मी आहे, असे तिथे श्रीकृष्ण सांगतो. या दोन शब्दांत शंकराचार्य भाष्यात नेमका भेद करतात. जे मिळालेले नाही त्याची तहान म्हणजे काम, आणि जे मिळाले आहे त्यात रंगून जाणे म्हणजे राग. बेंच प्रेसच्या बाकावर हा भेद स्पष्ट दिसतो. विशीतला मुलगा स्वतःला दुखवून घेतो तो बहुधा कामामुळे: अजून न उचललेले शंभर किलो त्याला आजच हवे असतात. पंचावन्नाव्या वर्षी माणूस दुखावतो तो रागामुळे. कधीकाळी उचललेले शंभर किलो त्याने आपलेच धरलेले असतात आणि चार महिन्यांच्या खंडानंतरही तो बारला त्याच प्लेट लावतो. पहिला दोष सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. दुसरा मात्र जिद्द म्हणून वाखाणला जातो, आणि म्हणून तोच अधिक घातक. भाष्यात पुढे या बळाचे प्रयोजनही आले आहे: देह इत्यादींचे धारण, तेवढेच. काटेकोर अर्थ लावला तर स्पर्धेतल्या बेंच प्रेसला इथे जागा उरत नाही, हे कबूल करावे लागते. पण देहधारणाला लागणारे बळ मात्र थोडेथोडके नसते. पडल्यावर जमिनीला हात टेकून उठणे, जड दार ढकलणे, नातवंडाला उचलून घेणे यांत हेच स्नायू कामाला येतात, आणि गरजेच्या वेळी पुरेल एवढा साठा आधीपासून राखावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीनंतरही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

रागरहित बळाचे उदाहरण म्हणून सहसा मारुतीकडे बोट दाखवले जाते. समर्थ रामदासांच्या परंपरेने तालमीत बसवलेला मारुती स्वतःच्या बळाचा हिशेब ठेवत नाही. पण वयाच्या प्रश्नाला मारुतीच्या समुद्रावरच्या उडीच्या प्रसंगातला जांबवान अधिक जवळचा आहे. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात शंभर योजनांचा समुद्र समोर आहे आणि प्रत्येक वानर आपण किती उडी मारू शकतो ते सांगतो आहे. जांबवान म्हणतो की तरुणपणी आपण त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातली होती, आता वय झाले, नव्वद योजने जमतील. जुना पराक्रम तो लपवत नाही, आजचा आकडा फुगवत नाही, आणि नव्वदीच्या उडीवर शंभर योजनांची पैजही लावत नाही. मग तो मारुतीला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देतो. तालमीत कुस्ती सुटलेला पैलवान वस्ताद होतो ते याच वाटेने. त्याच्या जोर-बैठका कमी होतात, मान कमी होत नाही. आधुनिक जिमने उतारवयातल्या माणसासाठी अशी जागा निर्माण केलेली नाही. तिथे त्याच्या हाती आकडाच उरतो.

हा विवेक बाकावर बारीकसारीक गोष्टींत उतरतो. रिकामा बारच २० किलोचा असतो, म्हणून पहिला सेट त्याच्यावरच व्हावा, आणि वय वाढेल तसा वॉर्मअप लांबवावा. अंगठा बारभोवती वळलेला हवा, कारण अंगठा मोकळा ठेवून धरलेला बार निसटला तर छातीवर किंवा मानेवर येतो. कोपरे खांद्यांच्या रेषेत बाहेर फाकवली की खांद्याच्या स्नायुबंधांवर ताण येतो, म्हणून ती थोडी अंगाकडे घ्यावीत. एकट्याने करायचे तर रॅकमधल्या आडव्या सुरक्षा-दांड्या बार छातीला टेकतो त्याच्या किंचित खाली, पण मानेच्या वर लावाव्यात. ते शक्य नसेल तर बार सावरायला स्पॉटर, म्हणजे एक साथीदार, उभा करावा. स्पॉटर मागणे कमीपणाचे वाटते, ही रागाचीच एक खूण. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात फार चढतो, तेव्हा रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि बार ढकलताना श्वास सोडावा. वजन सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेटनी वाढवावे, कारण स्नायू तयार झाले तरी स्नायुबंध मागे असतात. थकवा सोसावा, पण सांध्यात टोचणारी कळ सोसू नये. छातीत दाब आला, किंवा कळ हातात, जबड्यात गेली तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखाना गाठावा.

शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, हे वचन अनेक व्यायामशाळांच्या भिंतींवर 'आणखी घाम गाळा' अशा अर्थाने रंगवलेले दिसते. कालिदासाच्या कुमारसंभवात ते पाचव्या सर्गात येते, आणि तिथे रोख उलटा आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव उग्र तप करणाऱ्या पार्वतीला विचारतो की तू हे आपल्या शक्तीच्या मर्यादेत करतेस ना, आणि त्यालाच जोडून ते वचन येते. गीतेचा सतरावा अध्यायही शरीराला छळणाऱ्या तपाला आसुरी ठरवतो.

यावर वानप्रस्थाचा आक्षेप उरतो. केस पिकले, नातू झाला की सोडत जावे, असे स्मृती सांगतात. मग बार का धरून बसावे? रोमन विचारवंत सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये वार्धक्यावर लिहिलेल्या संवादात हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने येतो. क्रोटोनचा मल्ल मायलो म्हातारपणी तरुणांचा सराव पाहताना आपल्या दंडांकडे बघून, हे तर आता मेले, असे म्हणत रडला. संवादातला मुख्य वक्ता, चौऱ्याऐंशी वर्षांचा केटो, त्याच्यावर तुटून पडतो: मेले ते दंड नव्हेत, तूच, कारण दंडांपलीकडे तुझी ओळखच नव्हती. तरुणाचे बळ हवे असे आपल्याला वाटत नाही, जसे तारुण्यात बैलाचे किंवा हत्तीचे वाटत नव्हते, असे केटो म्हणतो. जे आहे ते वापरावे, एवढाच त्याचा आग्रह. वानप्रस्थातही त्याग पायरीपायरीने होतो, घर सुटले तरी कर्म लगेच सुटत नाही. बाकावरही पायऱ्या आहेत. आधी कमाल वजन आजमावणे सुटते, मग खांदा कुरकुरू लागला की बारची जागा डंबेल घेतात, कारण त्यात प्रत्येक हाताला आपली वाट मिळते. पुढे जमिनीवरचे जोर, आणि तेही जड झाले की भिंतीला हात टेकून मारलेले जोर. सत्तरीनंतरच्या क्षयाबद्दल वाग्भट सांगतो ते या शेवटच्या पायऱ्यांना लागू पडते, पहिल्यांना नाही.